पापणीची हजेरी

माणसाची पापणी मिनिटाला साधारण पंधरा वेळा मिटते आणि त्यातल्या एकाही वेळेला ती कुणाच्या सांगण्याची वाट पाहत नाही. सांगितलं की मात्र अवघडते. सात वर्षांच्या सिदूची पापणी तर सांगणाऱ्याकडे वळतही नाही. त्याला माणसांच्या चेहऱ्यापेक्षा पंख्याची फिरती पाती बरी वाटतात. तो स्वमग्न आहे, हे सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. तो बोलत नाही, हे सांगायला डॉक्टर लागले नव्हते.

शिवलीलाला, म्हणजे त्याच्या आईला, त्याच्याकडून फार काही नको होतं. तहान लागली तर त्यानं कळवावं, एवढंच. माकणीच्या उन्हाळ्यात तो पाणी न मागता दिवसभर बसून राही आणि संध्याकाळी तापानं फणफणे. (शेजारणी म्हणत, "लई गुणाचं लेकरू, कायबी मागत न्हाय.")

यासाठी 'उमलती पावलं' नावाची योजना होती. दर गुरुवारी वैष्णवी मॅडम धाराशिवहून एसटीनं माकणीच्या शाळेत येत आणि प्रत्येक मुलाला अर्धा तास शिकवत. सिदूसाठी त्यांनी पेल्याचं चित्र आणलं होतं. तहान लागली की चित्रावर बोट ठेवायचं.

सेवा चांगली होती. ती आणखी चांगली व्हावी म्हणून हजेरीचं ॲप आलं. मुलानं मोबाइलकडे सरळ पाहायचं, 'टिंग' वाजलं की एकदा पापण्या मिटायच्या, मग हिरवी खूण उमटते. समोर खरं मूल आहे, नुसता फोटो नाही, इतकंच ॲपला जाणून घ्यायचं असतं. योजनेत मुळात नसलेलीच मुलं हजर दाखवतात, असा वरच्या लोकांना संशय होता. ॲपमुळे असलेली मुलं गैरहजर होऊ लागली आणि संशयाला जागाच उरली नाही.

हजेरी लागल्याशिवाय शिकवलेलं शिकवलं म्हणून धरत नसत. सलग तीन गुरुवार ती लागली नाही, तर 'पालक उदासीन' असा शेरा पडून मुलाचं नाव जाई. (नजर न देणाऱ्या मुलांसाठी योजना, आणि योजनेत राहायचं तर नजर द्यायची. यात ज्यांना विसंगती दिसते, त्यांना प्रशासनाचा अनुभव नाही.)

पहिल्या गुरुवारी खुळखुळा वाजवून पाहिला. सिदूनं कान झाकले. दुसऱ्या गुरुवारी शिवलीलानं बाजूनं फुंकर मारली. पापण्या मिटल्या, पण ॲपनं 'एकापेक्षा जास्त चेहरे' असं लिहून हजेरी नाकारली. दोन्ही दिवशी सव्वीस मिनिटं हजेरीत गेली, तीन पेल्यासाठी उरली आणि एक सिदूची चप्पल शोधण्यात गेलं.

तिसऱ्या गुरुवारी शाळेसमोरच्या सायकल दुकानातून चाँदपाशा हवा भरायचा पंप घेऊन आला.

"भाभी, फुंकणाऱ्याला तोंड असतंय म्हणून नडतंय. पंपाला तोंड कुठंय?"

"डोळ्याला लागंल की वो, भाई."

"लांबून मारतो. झुळूक समजा."

"आन् त्यानं फोनकडं बघितलंच न्हाय तर?"

"त्यो बघतोय तिकडं फोन न्यायचा. फोनचे काय पाय दुखतेत?"

वैष्णवी मॅडम बाकावर चढल्या आणि पंख्याखाली मोबाइल धरून उभ्या राहिल्या. टिंग, झुळूक, हिरवी खूण. नाव जाता जाता वाचलं. पुढं दर गुरुवारी खूण उमटेपर्यंत हाच कार्यक्रम पंधरा-वीस मिनिटं चाले.

एखाद्या आवाजापाठोपाठ दर वेळी डोळ्यावर वारा आला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानंही पापणी मिटते. याला समज लागत नाही, सशालाही जमतं. सिदूला दिवाळीपर्यंत जमलं. टिंग वाजलं की तो आपण होऊन डोळे मिटू लागला. पंप दुकानात परत गेला. शाळेत टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले.

आता अर्धा तास मोकळा मिळू लागला आणि तो सगळा पेल्याला गेला. संक्रांतीनंतरच्या एका गुरुवारी सिदूनं चित्रावर बोट ठेवलं. शिवलीलानं पाणी दिलं, त्यानं ते सगळं पिऊन टाकलं. पुढच्या गुरुवारी मात्र तो चित्र चावत बसला.

"एकदा झालंय ना ताई, म्हणजे होणार," मॅडम म्हणाल्या. "आठवड्याला दोन दिवस मिळाले, तर उन्हाळ्याच्या आत पक्कं होईल."

दोन दिवसांचा अर्ज शिवलीलानं दीड वर्षापूर्वीच दिला होता. तो विचाराधीन होता. (विचार खोल असला की वर यायला वेळ लागतो.) अखेर फेब्रुवारीत धाराशिवहून बोलावणं आलं.

योजनेचे प्रमुख मल्लिकार्जुन साहेब प्रेमळ होते. त्यांनी सिदूला जवळ बसवलं, जगमधलं पाणी त्यानं न मागताच दिलं आणि संगणकाचा पडदा शिवलीलाकडे वळवला.

"बघा बाई. सुरुवातीला भोपळा, नंतर रेघ सरळ वर. नजर देतो, ऐकतो, सूचना पाळतो."

"साहेब, ते सायकलच्या पंपानं झालंय."

"कशानं का होईना, झालं की."

"पर त्याला पानी मागता येत न्हाय अजून. एकदाच मागितलंय."

"पाण्याचा रकाना नाही हो यात."

तेवढ्यात साहेबांच्या मोबाइलवर कुणाचा तरी संदेश आला. टिंग. सिदूनं दोन्ही डोळे घट्ट मिटले.

"हे बघा!" साहेबांना खरोखर आनंद झाला. शेजारच्या टेबलावरचे कारकूनही उठून पाहायला आले.

अर्जावर विचार करणाऱ्या समितीनं घाईनं काही ठरवलं नव्हतं. निर्णयाला तीन आधार होते: ॲपची नोंद, वर चढणारी रेघ आणि जनतेचं समाधान. तिसऱ्याचा पुरावा गोळा करायची गरज पडली नाही. दिवाळीत सिदू डोळे मिटायला शिकला, असं वर वाचताना तुम्हालाही हायसं वाटलंच होतं. संक्रांतीनंतर त्यानं चित्र चावलं, तिथं तुम्ही फार वेळ थांबला नसाल. जनता इतकी समाधानी असताना सेवा चालू ठेवणं ही उधळपट्टी ठरली असती.

"मंग दोन दिवस देनार का न्हाय, साहेब?" शिवलीलानं विचारलं.

साहेब खुर्चीतून उठले. चांगली बातमी ते नेहमी उभं राहून सांगत.

"बाई, तुमचा मुलगा बरा झाला. आजपासून त्याचं नाव कमी केलंय."