तांबड्या अळंब्यांचा शोधनिबंध

एका जंगलात, मुलांनो, सिंह होता, ससे होते आणि एक संशोधन पत्रिकाही होती. पत्रिकेचं नाव 'वनज्ञान'. ती सागाच्या पानांवर निघायची आणि तिचे संपादक होते कोल्हे सर. तिथे एक पद्धत होती. निबंध कुणाचाही असो, पहिलं नाव सिंह महाराजांचं. महाराजांनी आजवर एकही निबंध वाचला नव्हता. नाव एवढं मोठं झाल्यावर वाचायला वेळ कुठून मिळणार?

एकदा 'वनज्ञान'मध्ये निबंध आला. विषय : तांबडी अळंबी सशांच्या पिल्लांना पौष्टिक. लेखक सिंह महाराज आणि कोल्हे सर. कोल्हे सरांनी तांबडं अळंबं कधी हुंगलंसुद्धा नव्हतं. पण निबंधात आकृत्या फार सुरेख होत्या.

सशीणबाईंनी तो वाचला आणि पिल्लांना अळंबी चारली. दोन पिल्लं गेली.

शेजारच्या बिळात साळूताई नावाची साळिंदर राहायची. अंगभर काटे आणि स्वभाव सरळ. संशोधन करणाऱ्याला दोन्ही गोष्टी अडचणीच्याच. तिने उष्टी अळंबी पाहिली, तपासली आणि सशीणबाईंकडे धावत गेली.

"बाई, ती अळंबी आधी फेकून द्या. पिल्लं त्यानेच गेली."

"हे कुठे छापून आलंय का?" सशीणबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"अजून नाही."

"मग राहू द्या हो. त्यांचं छापलेलं आहे. उरलेल्या पिल्लांना मी उलट जास्तच देतेय. अगदी अशक्त झालीत."

साळूताईने त्याच दिवशी निबंध लिहून कोल्हे सरांकडे नेला. सरांनी तो वाचला. त्यांची शेपटी जरा खाली गेली.

"उत्तम आहे. परीक्षकाकडे पाठवू."

"परीक्षक कोण, सर?"

"ते सांगता येत नाही. नीतिमत्तेचा प्रश्न असतो," असं म्हणत सरांनी निबंध स्वतःच्याच दुसऱ्या टोपलीत टाकला.

परीक्षकाचा शेरा सावकाश आला. मेलेल्या पिल्लांची लेखी संमती जोडलेली नाही, सबब निबंध स्वीकारता येत नाही.

"अहो सर, ती मेली आहेत!"

"म्हणूनच जिवंतपणी घ्यायला हवी होती. नीतिमत्तेच्या बाबतीत आम्ही फार कडक आहोत. बरं, जाताना थोडे काटे देऊन जाल का? पानं टाचायला कमी पडताहेत."

साळूताईने काटे दिले. मला तिचा रागच येतो. पण निबंध ज्याच्या हातात अडकलाय, त्याला नाही म्हणणं सोपं नसतं. तोवर सशीणबाईंचं आणखी एक पिल्लू गेलं. आता एकच उरलं होतं.

मग 'वनज्ञान'चा वर्धापनदिन आला. सर्वोत्तम निबंधाचा मान अर्थातच अळंब्यांना. व्यासपीठावर ताट भरून तांबडी अळंबी मांडली होती. "हा माझा शोध!" असं गर्जून सिंह महाराजांनी ताटात पंजा घातला.

"महाराज, खाऊ नका!" साळूताई गर्दीतून ओरडली.

महाराज हसले. "माझ्या शोधावर माझाच विश्वास नको?"

कोल्हे सरांना बोलता आलं असतं. पण मग निबंध कुणी आणि कसा लिहिला, तेही बोलावं लागलं असतं. त्यांना खोकला आला. महाराजांनी ताट रिकामं केलं.

पुढे बरेच दिवस महाराज गुहेबाहेर आले नाहीत. आतून जे आवाज येत होते, ते राजाला शोभणारे नव्हते.

ते बरे झाले आणि 'वनज्ञान'चा नवा अंक निघाला. 'तांबडी अळंबी घातक : एक मौलिक शोध.' लेखक सिंह महाराज आणि कोल्हे सर. प्रयोग एका स्वयंसेवकावर, त्याच्या पूर्ण संमतीने. तळाशी बारीक अक्षरात साळूताईचे आभारही होते. काट्यांबद्दल.

सशीणबाईंनी अंक वाचला आणि घरातली सगळी अळंबी उकिरड्यावर फेकली. मग उरलेलं पिल्लू कडेवर घेऊन त्या साळूताईच्या दारात आल्या.

"ताई, तुम्हाला एवढं माहीत होतं, तर वेळेवर छापलं का नाही हो?"

साळूताईने पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला, काटे सांभाळून.

तात्पर्य : शोधनिबंधावर नाव घालायला तो वाचलेला असावा लागतो, असं मुळीच नाही. फक्त त्यातलं काही खाऊ नये.