पाठीवर माता, पोटात तामाल

"सासूबाई, ही पाठीवर असली की वारा अडतो," विल्बेर्त पेच ओल्या अंगाने कुडकुडत म्हणाला.

"वाराच अडतो ना? ट्रक तर नाही अडत? ट्रक अडवायला माताच पाहिजे. हात वर कर," एल्दाबाई म्हणाल्या, आणि ग्वादालुपेच्या मेरीमातेची परातीएवढी तसबीर त्यांनी जावयाच्या पाठीला करकचून बांधली. तसबिरीला चहूबाजूंनी प्लास्टिकचे गुलाब होते. विल्बेर्त पोहत होता तेवढा वेळ त्या ती मांडीवर घेऊन काठावर बसल्या होत्या, आणि तो दर फेरीला डोकं वर काढायचा तेव्हा त्याला ती लांबूनच दाखवत होत्या.

पोहण्याचा भाग पार पडला होता. गावाबाहेरच्या सेनोतेत, त्या गोल दगडी डोहात, तो सकाळपासून घाण्याच्या बैलासारखा गरगर फिरला होता. आता सायकल आणि मग पळणं. जानेवारीत किनाऱ्यावर लांब पल्ल्याची तिहेरी शर्यत होती, त्याची ही रंगीत तालीम. तारीख होती डिसेंबरची अकरा. उद्या मातेचा सण, म्हणजे आज अख्ख्या युकातान प्रांताच्या रस्त्यांवर पांढरे सदरे घातलेली नवसाची पोरं मशाली घेऊन पळत असणार, हे त्यांच्या इसामाल गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विल्बेर्तलाही ठाऊक होतं. पण त्याचं पंखे-फ्रिजचं दुकान सणासाठी आजपासूनच बंद, म्हणजे सरावाला आजचाच दिवस मोकळा होता, आणि पांढरा सदरा घालून, पाठीवर माता घेऊन आजच्या दिवशी रस्त्यावर निघालेल्या माणसाला लोक काय समजतील, हा विचार शिरायला त्याच्या डोक्यात जागा नव्हती. तिथे फक्त जानेवारी भरला होता.

बायको नेल्सी हाताची घडी घालून उभी होती. नवऱ्याची खुळं तिला नवी नव्हती. गिटार होती, तिच्या दोन तारा लागल्या आणि बाकीच्या अजून लागायच्या आहेत. कोंबड्या पाळल्या, त्या शेजाऱ्यांच्या रश्श्यात गेल्या. घराचा वरचा मजला बांधायला काढला, त्याच्या सळ्या पहिल्या बाळंतपणापासून छतावर उभ्या आहेत, आणि ते बाळ आता दाढी करतं.

"नीट ऐक," ती म्हणाली. "दिवस मावळायच्या आत तिन्ही भाग पुरे करून दारात उभा राहिलास, तर जानेवारीत जा, मी स्वतः येईन टाळ्या वाजवायला. नाहीतर सायकल गास्पारची."

गास्पार तिचा धाकटा भाऊ. तो सायकलची सीट खालीवर करून बघत होता. "दाजी, जपून चालवा हं," तो कळवळून म्हणाला. "खरचटली तर रंग मला काढावा लागेल."

विल्बेर्तच्या कानातल्या यंत्रातून कोच रेनाताचा आवाज आला. कोच मेरिदा शहरात बसून नकाशावर त्याचा ठिपका बघत असे. बाई मूळची उत्तरेकडची, मोन्तेर्रेची, तोंडाने फटकळ. "निघ आता. घड्याळ वाजेपर्यंत सायकल. वाजलं की सायकल जवळच्या ओळखीच्या दुकानात टाकायची आणि पळत घरी. मध्ये थांबायचं नाही. काय सांगितलं?"

"थांबायचं नाही."

पहिल्याच गावाच्या वेशीवर त्याला थांबवलं. रस्त्यात दोरी आडवी धरली होती, ढोल वाजत होता, आणि टेबलामागून एक दणकट बाई धावत आली आणि तिने सायकलचा दांडाच पकडला. "आला गं, पहिला आला. कुठून आलास, लेकरा?"

"इसामालहून. पण मी मशालवाला नाही हो. मी सराव करतोय."

"कळतं रे. नवस बोलून दाखवायचा नसतो." तिने मागे वळून हाक दिली, "एकटाच आहे बिचारा, मोठा नवस दिसतोय. मोठे तामाल आणा."

केळीच्या पानात वाफवलेले, मक्याच्या पिठाचे, डुकराच्या चरबीने चमकणारे तामाल आले. दोन महिने विल्बेर्त उकडलेल्या कोंबडीवर आणि पालेभाजीवर जगत होता.

"विल्बेर्त, तुझा ठिपका थांबलाय," कानात आवाज आला.

"कोच, तामाल."

"म्हणजे?"

"मातेच्या नावाचे तामाल आहेत. खायला देतायत."

"नको म्हण."

"मातेच्या नावाचं नको कसं म्हणणार?"

"मोन्तेर्रेत आम्ही म्हणतो."

"ते आम्ही ऐकून आहोत," विल्बेर्त म्हणाला आणि तोंड भरल्यामुळे पुढचं बोलता आलं नाही.

"कुणाशी बोलतोस?" दणकट बाईने विचारलं.

"कोचशी. त्या मेरिदात असतात."

"आणि उपाशी आहेत होय?" बाईने आणखी दोन तामाल त्याच्या सदऱ्याच्या मागच्या खिशात कोंबले. "त्यांना पोचते कर."

दुसऱ्या गावात पोरांनी बादल्या भरून ठेवल्या होत्या. उन्हातून आलेल्या नवसकऱ्याला भिजवणं हे पुण्याचं काम, आणि पुण्य मिळवायची एवढी घाई त्या पोरांना वर्षभरात दुसऱ्या कशाची नसते. विल्बेर्तच्या कानातलं यंत्र बुडून आचके देऊ लागलं. पाठोपाठ गरम चॉकलेटचा पेला, संत्र्याच्या फोडी, आणि वरून हाबानेरो मिरचीची चटणी लावलेला आणखी एक तामाल. मशालवाला नाही हे सांगायचं त्याने आता सोडून दिलं होतं. सांगितलं की लोक डोळे पुसायचे आणि ताट वाढवायचे.

तिसऱ्या गावात एक वाकलेली म्हातारी होती. तिने त्याच्या पाठीवरच्या तसबिरीचं चुंबन घेतलं आणि मग मेयोनीजचे थर दिलेला, केकसारखा कापलेला पाव पुढे केला. तो पाव सकाळपासून उन्हात होता. मेयोनीजचा रंगही जरासा बदलला होता.

"आजी, माझं पोट भरलंय," विल्बेर्त काकुळतीने म्हणाला.

"माझा नातू तिकडे अमेरिकेत आहे," म्हातारी म्हणाली. "त्यालाही कुणीतरी असंच खायला घालत असेल, असं म्हणून मी दरवर्षी करते."

त्याने दोन तुकडे खाल्ले.

सूर्य कलायला लागला होता. विल्बेर्तने मान खाली घातली आणि पायडल मारायला सुरुवात केली. मनात एकच होतं, नेल्सी दारात उभी आहे आणि आपण तिच्यासमोर धापा टाकत येऊन थांबतोय. तिने आपल्याकडे एकदा तरी, हाती घेतलेलं संपवणारा माणूस म्हणून बघावं. इतकी वर्षं ती त्याच्या प्रत्येक नव्या खुळाला नुसती "बरं" म्हणत आली होती, आणि ते "बरं" त्याला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

घड्याळ वाजलं ते एका वळणावर. तिथे रस्त्याच्या कडेला फुलांनी मढवलेला एक छोटा ट्रक उभा होता, वर मातेची मूर्ती, आणि आजूबाजूच्या झुडपांतून विव्हळण्याचे आवाज. दहा-बारा पोरंपोरी पोट धरून आडवी पडली होती. पांढऱ्या सदऱ्यांवर गावाचं नाव होतं, चुनयाश. एक तरुण मुलगी तेवढी मशाल घेऊन उभ्या जागी पाय आपटत होती. तिचा चेहरा कच्च्या पपईसारखा हिरवा पडला होता.

"भाऊ," ती म्हणाली, "ही पाच मिनिटं धरा. मी आलेच."

विल्बेर्तने मशाल धरली. मुलगी झुडपात दिसेनाशी झाली.

"उभे राहू नका," ट्रकमधला म्हातारा ड्रायव्हर ओरडला. त्याला सगळे पास्क्वालकाका म्हणत. "मशाल थांबता कामा नये. चियापासपासून सहा दिवस पळत आणलीय पोरांनी, एकदाही थांबली नाही."

मग विल्बेर्त ट्रकभोवती गोल पळू लागला. सकाळपासून त्याला गोल फिरण्याचा सराव झालाच होता. "झालं काय यांना?" त्याने पहिल्या फेरीत विचारलं.

"मागच्या गावात एका म्हातारीने पाव दिला," काका दुसऱ्या फेरीत म्हणाले. "मेयोनीजचा. मला साखरेचा आजार, म्हणून मी खाल्ला नाही. तुम्ही खाल्लात?"

"दोन तुकडे."

काकांनी तिसऱ्या फेरीत त्याच्याकडे आदराने बघितलं.

लिसबेत, म्हणजे ती मुलगी, परत आली, मशालीला हात लावला आणि लगेच परत गेली. असं तीनदा झालं. विल्बेर्तला इथून पळतच इसामालला जायचंय हे कळल्यावर शेवटी काकांनीच निकाल लावला. सायकल ट्रकमध्ये घेतली, आजारी पोरं मूर्तीच्या पायाशी ओळीने रचली आणि म्हणाले, "पुढच्या फाट्यापर्यंत तुमचीच वाट आहे ना? पळणारच आहात तर ही हातात असू द्या. तोवर कुणीतरी उठेल."

विल्बेर्तला ते पटलं. पळायचं तर होतंच. मशालीचा धूर नाकात, तसबीर पाठीत, तामाल खिशात, असा तो पळू लागला. कानातल्या यंत्रात मध्येच जीव आला. "शाब्बास," कोच म्हणाली, "आता सुटलास. असाच राहा, अंधाराआधी घरी पोचशील."

फाटा आला. उजवीकडे इसामाल, डावीकडे चुनयाश. मागून ट्रक रांगत येत होता. विल्बेर्तने वळून पाहिलं. कुणीही उठलं नव्हतं. लिसबेतने ट्रकच्या कठड्यावर हनुवटी टेकली होती. "भाऊ, तुम्ही जा," ती म्हणाली. "तुमचं घर आहे. मी घेते मशाल." असं म्हणून ती उतरली आणि उतरल्या जागीच मटकन बसली.

काका रस्त्याकडे बघत राहिले.

विल्बेर्त फाट्यावर उभ्या उभ्या पाय आपटत होता. उजवीकडे गेलो तर नेल्सी, सायकल, जानेवारी. डावीकडे गेलो तर गास्पार. मनात हिशोब सरळ होता. पण आजवर अर्धवट टाकलेली सगळी कामं त्याची स्वतःची होती. दुसऱ्यांचं सहा दिवसांचं काम अर्ध्यावर टाकायची त्याला सवय नव्हती, आणि ती लावून घ्यायची त्याला लाज वाटली. तो डावीकडे वळला.

"विल्बेर्त," कानात कोच किंचाळली, "घर उजवीकडे आहे. उजवीकडे. मी नेल्सीला फोन लावते, तुला ऊन लागलंय." पुढे यंत्र जे मेलं ते मेलंच.

चुनयाशमध्ये त्याला शिरताना पाहून आधी आकाशबाण उडाले, मग घंटा, मग बँड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. हा माणूस कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही. म्हाताऱ्या त्याच्या घामेजल्या दंडाला हात लावून कपाळाला लावत होत्या. पाद्र्यांनी देवळाच्या दारात मशाल घेतली, वेदीवर नेली, दिवा लागला, आणि गावातल्या बाया मोठ्याने रडू लागल्या. विल्बेर्तही रडला. का ते त्याला सांगता आलं नसतं. तो पायरीवर बसला तेव्हा दिवस पुरता मावळला होता.

समोर नेल्सी उभी होती. ठिपका कुठे चाललाय ते कोचने फोनवर सांगितल्यावर ती गास्पारच्या गाडीतून आली होती, मागे एल्दाबाई. तिने फोन पुढे केला. "तुझी कोच."

"आज काय काय खाल्लंस?" कोचने दरडावून विचारलं. विल्बेर्तने सांगितलं. पावाचंही सांगितलं.

"उलटी?"

"नाही."

"पोटात कळ?"

"जराशी भूक लागलीय."

"माझी निम्मी माणसं शर्यतीत पायांनी नाही, पोटाने हरतात," कोच म्हणाली. "आणि पळालास ठरलं होतं त्याच्या दुप्पट. माझ्याकडून तू जानेवारीत धावतोयस. आता बायकोला विचार."

नेल्सीने फोन घेतला. "दिवस मावळला," ती म्हणाली.

"हो."

"तू दारात नव्हतास."

"नव्हतो."

"शब्द म्हणजे शब्द. गास्पार, घे सायकल."

गास्पारने वेळ घालवला नाही. ट्रकमधून सायकल उतरवली, तिच्यावरची झेंडूची माळ काढली आणि टांग टाकली.

"अहो पाहुणे," पास्क्वालकाका म्हणाले, "ही सायकल तुमची?"

"आत्तापासून."

"बरं झालं कळलं. मशालीच्या गाडीतून मातेसमोर आली म्हणजे ती नवसाची झाली. आणि नवस तीन वर्षांचा असतो. यंदाचं झालं. आता पुढची दोन वर्षं मशाल आणायला तुम्ही येणार."

"कुठून आणायची?"

"चियापासहून. सहा दिवस."

गास्पार सायकलवरून उतरला. ती त्याने अलगद पायरीला टेकवली आणि माळ होती तशी परत घातली. "ताई," तो म्हणाला, "माझं आपलं मत सांगतो. सीटची उंची दाजींच्याच मापाची आहे."

"आणि नवस कोण फेडणार?" एल्दाबाईंनी विचारलं.

गावाच्या सगळ्या नजरा पायरीवर बसलेल्या माणसाकडे वळल्या. लिसबेतच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता, ती हसत होती.

विल्बेर्तने बायकोकडे पाहिलं. "अगं, मी मशाल नुसती पाच मिनिटं धरली होती," तो पुटपुटला.

नेल्सी त्याच्या शेजारी पायरीवर टेकली आणि त्याच्या बुटाची गाठ सोडू लागली. "जत्रेत नाचताना माझा हातही तू पाच मिनिटंच धरला होतास," ती म्हणाली. "तो सोडलास का?"