शिवलीलाचे सुळे

आठवी ‘ब’मधली शिवलीला हत्तुरे मंगळवारी भूगोलाच्या तासाला लांडगा झाली. तास संपल्यावर शाळेने तिच्या आईला फोन केला.

महानंदाताई दवाखान्यातली ड्युटी सोडून आल्या. मुख्याध्यापिका कोरेबाईंच्या खोलीत शिवलीला खुर्चीवर बसली होती. अंगभर करडे केस, पुढे आलेला जबडा, गणवेश दोन्ही खांद्यांवर उसवलेला. महानंदाताई दारातच थांबल्या.

“बसा,” कोरेबाई म्हणाल्या. “या वयात होतं. यंदाची ही चौथी.”

“आई, भूक लागलीय.” आवाज शिवलीलाचाच होता, जरा घोगरा.

महानंदाताईंनी पर्समधला बिस्किटांचा पुडा पुढे केला. शिवलीलाने तो कागदासकट खाल्ला.

कोरेबाईंनी एक छापील कागद सरकवला. “संमतीपत्र आहे. उद्या डॉक्टर येऊन सुळे काढतील. आठ दिवसांत केस गळतात, मुलगी शांत होते. नंतर तिला काही आठवत नाही. टायफॉइड झाला होता म्हणून सांगायचं.”

महानंदाताईंनी पेन उचललं होतं. ते हातातच राहिलं.

“मला आठवीत टायफॉइड झाला होता,” त्या म्हणाल्या.

“हो, तुम्ही इथल्याच ना.” कोरेबाईंनी कपाटातून जुनं रजिस्टर काढून पान उघडलं. तिथे महानंदाताईंचं माहेरचं नाव होतं. पुढे त्यांच्या आईची कानडी सही.

महानंदाताईंनी वरच्या दातांवरून जीभ फिरवली. आपल्याला सुळे आलेच नाहीत, असं त्या आजवर समजत होत्या.

“दुखलं होतं का, आई?” शिवलीलाने विचारलं.

“आठवत नाही.” मग त्या कोरेबाईंकडे वळल्या. “मी कशी होते?”

कोरेबाईंनी शेरा वाचला. “रंग तांबूस. कुंपणावरून उडी मारते.”

महानंदाताईंनी पेन टेबलावर ठेवलं.

“सही नसेल तर शाळेची जबाबदारी नाही,” कोरेबाई म्हणाल्या.

“बरं.”

त्या शिवलीलाला स्कूटीवर मागे बसवून निघाल्या. सिग्नलला शेजारचा मोटारसायकलवाला शिवलीलाकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिला. शिवलीला गुरगुरली. तो लाल दिव्यातच निघून गेला.

दिवा हिरवा झाल्यावर महानंदाताईंनी स्कूटी पुढे काढली. मग त्यांनी हळूच तसाच आवाज काढून पाहिला. जमला नाही.

“पोटातून काढ,” शिवलीला म्हणाली.