डोमाजीभाऊ इथे राहत नाहीत

डोमाजीभाऊंच्या दारी कोणी गेलं, तर ते "या, बसा" म्हणत नाहीत. आधी सांगतात, "मी इथी राहत नाई." मग खुर्ची पुढे करतात, पाणी देतात, चुलीवर चहा ठेवतात. घर त्यांचं, खुर्ची त्यांची, अंगणातली कोंबडीही त्यांचीच. पण स्वतः ते पाहुणे.

आमचं गाव धानोऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून आहे. मी मूळची वरोऱ्याची. शाळेवर मास्तरीण म्हणून इथे आले, इथेच रिटायर झाले आणि कपाळी हा शेजार आला. डोमाजीभाऊ एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची एकुलती एक मुलगी सविता माझ्याच हाताखाली शिकली, पुढे नर्स झाली, लग्न करून अमेरिकेला गेली आणि तिथली नागरिक झाली. मग तिने बापाचं ग्रीन कार्ड काढलं. म्हणजे कागदोपत्री डोमाजीभाऊ अमेरिकेचे कायमचे रहिवासी आहेत. फक्त ते तिथे कायम राहत नाहीत, एवढीच काय ती अडचण.

वर्षाच्या वर बाहेर राहिलं तर ते कार्ड जातं म्हणतात. त्याआधी गेलं तरी विमानतळावरचा साहेब खोदून खोदून विचारतो, की बाबा, तुझं घर नक्की कुठलं? मागच्या खेपेला त्याने डोमाजीभाऊंना चांगलंच दटावलं. तेव्हापासून भाऊंनी असा धसका घेतला, की साहेबाचा एक डोळा आमच्या गावावर असतो अशी त्यांची खात्रीच झाली.

मी त्यांना आंब्याचं कलम देऊ केलं, तर दोन पावलं मागे सरले. "आंबा लावनारा मानूस फळ खाले थांबते, बाई. साहेबाले का सांगू?" पावसाळ्यात घर गळतं, पण छपरावरचे कवेलू फेरत नाहीत, पाहुण्याने कवेलू फेरायचे नसतात. घरभर गंज-पातेली आणि बादल्या मांडून त्यांच्या मधोमध झोपतात. गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाटकाला उद्घाटक म्हणून बोलावलं, तर आधी पोस्टरवर नाव छापणार का ते विचारलं. छापणार म्हटल्यावर नाही म्हणाले. नाटक मात्र पाहिलं, मागे उभं राहून, तोंडाला दुपट्टा बांधून. सगळ्या गावाने ओळखलं.

सकाळी दात घासून झाले, की कुंपणाशी येऊन उभे. "विचारा बाई."

म्हणजे मी साहेब व्हायचं. हे काम माझ्याकडे का, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुमी रागीट आहा. तुमाले जमते." मला राग आला, त्यामुळे त्यांचंच खरं ठरलं. तर मी कुंपणाच्या अलीकडून इंग्रजीत विचारायचं, कुठे राहता? ते छाती काढून सांगणार, "डॉटर्स हाऊस, सर!" इतके दिवस भारतात काय केलं? "व्हिजिट, सर!" उत्तरं तोंडपाठ. पण प्रश्नांचा क्रम बदलला की घाट सुरू झाल्यावर गिअर सापडू नये तशी गत. एकदा मी विचारलं, पिशवीत काय आणलंय? तर कडक आवाजात, "डॉटर्स हाऊस, सर!" दूधवाला तिथेच उभा होता. त्याने विचारलं, भाऊ, आज दूध किती टाकू? "व्हिजिट, सर!"

बरं, अमेरिकेचं त्यांना फार कौतुक आहे म्हणावं, तर तसंही नाही. सविता दिवसभर ड्युटीवर, नात शाळेत. हे खिडकीशी. "तिथी मानूस दिसत नाई बाई, नुसत्या गाड्या जाते. अन् गाडी मले चालवू देत नाई." मग त्यांनी आपलं काम शोधून काढलं. शेजारच्या गोऱ्या म्हातारीच्या अंगणात एक मोठं झाड आहे. पानं गळायला लागली, तशी डोमाजीभाऊंनी रोज सकाळी त्याच्या बुडाशी झाडझूड सुरू केली. म्हातारी आधी घाबरली, मग केक देऊन गेली. केक कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या हिशेबाने सौदा झाला होता. "ते झाड आता आपलं हाय. तिले अजून सांगतलं नाई."

यात त्यांची चूक नाही. आमच्याकडे मोहाच्या झाडाचं तसंच असतं. जंगलातली झाडं कुणाच्या नावावर नसतात, पण कोणतं झाड कुणाचं हे गावाला ठाऊक असतं. फागुनात फुलं गळायच्या आधी जो झाडाखालचा पाला झाडून जागा लख्ख करतो, त्या घराचं ते झाड. पहाटे तीच माणसं टोपल्या घेऊन फुलं वेचणार, दुसरं कोणी हात लावणार नाही. पण एक साल पाला तसाच राहिला, तर झाड सुटलं. मग कोणीही खराटा मारावा. ग्रीन कार्ड म्हणजे काय ते मला वकिलाकडून कळलं नसतं. डोमाजीभाऊंनी एका वाक्यात समजावलं. "मोहाचंच हाय बाई. झाडून ठेवलं तं आपलं, नाई तं जाते."

त्यांच्या घराचं झाड नाल्यापलीकडे आहे, चांगलं दोघांच्या कवेत न मावणारं. त्यांची बायको सखूबाई ते झाडायची, लहानगी सविता मागेमागे टोपली घेऊन. सखूबाई गेली, तेव्हापासून डोमाजीभाऊ झाडतात. अमेरिकेच्या फेऱ्या ते तशाच बसवायचे. काही झालं तरी फागुनात इथे. फुलं विकत नाहीत, दारू गाळत नाहीत. वाळवून ठेवतात, पुढल्या वर्षी जुनी बैलांना घालतात आणि नवी भरतात. गावाला हे कोडंच होतं.

गेल्या साली त्यांची तब्येत बिघडली, जाणं लांबलं, आणि वर्ष नेमकं होळीच्या आधी भरत आलं. तिकीट काढावंच लागलं. ही बातमी त्यांचा चुलतभाऊ पत्रू याला लागली. त्याने माघातच गावसभेत विषय काढला.

शाळेच्या पडवीत सभा भरली होती. पत्रू उभा राहून म्हणाला, "दादा सोताच म्हनते का मी इथी राहत नाई. तुमी सगळ्यायनं आयकलं हाय. मंग झाड कायले अडवून ठेवाचं? माह्या घरी वेचनारे हात आहेत."

लोक हसले. हसण्यासारखंच होतं, डोमाजीभाऊ आपल्याच बोलण्यात अडकले होते. म्हातारे गावपाटील म्हणाले, "डोमा, सांग बापा. कुठी राहतं तू?"

डोमाजीभाऊ उठले. एका शब्दाचं काम होतं. "इथी" म्हटलं असतं की मिटलं असतं. पण तो शब्द त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस तो शब्द चुकूनही काढू नका म्हणून मीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. त्यांनी घाम पुसला, छाती काढली आणि सवयीने म्हणाले, "डॉटर्स हाऊस, सर."

पडवी हसून फुटायची राहिली. डोमाजीभाऊ मात्र हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "खरं सांगतो, पाटील. झाड माह्यं नाईच. माह्या सवीचं हाय. मी झाडाले ठेवलेला गडी हाय तिचा."

"सवी तं तिकडची झाली ना," पत्रू म्हणाला.

"झाली. पन जवाई गेला तवा ती तिथी एकटी होती, लेकरू कडेवर. मी मुंबईले दोनदा गेलो, विसा नाई देल्ला. फोनवर रडे ती, अन् मी इथी बसलो. म्हनून ते कार्ड सांभाळून राह्यलो. आता तिनं बलावलं का मी कोनाले न विचारता जातो." थोडं थांबून ते म्हणाले, "तसंच उद्या तिले वापस या लागलं, तं तिनंबी कोनाले विचारू नये. गावात तिचं कायी तरी पायजे का नाई?"

पत्रू आपल्या पायाच्या अंगठ्याने सारवण उकरत बसला. पाटलांनी निकाल दिला: झाड सवीचं. पण रीत ती रीत. होळीच्या आत पाला निघाला पाहिजे, हात कुणाचाही चालेल. नाही निघाला, तर झाड पत्रूचं.

पण हात कुणाचा? आधी झाडून उपयोग नव्हता, होळीपर्यंत पाला पडतच राहतो. डोमाजीभाऊ तेव्हा अमेरिकेत असणार. मग मीच म्हटलं, मी झाडीन. जन्मात जंगलात खराटा मारला नव्हता, पण तोंडातून निघून गेलं.

निघताना बसपाशी त्यांनी घराची किल्ली दिली. म्हणाले, "सवीले झाडाचं सांगू नोका. तिले वाटन, बाबा वापस बलावून राह्यला. आधीच लई काम करते ते."

होळीच्या चार दिवस आधी मी गेले. कंबर मोडली. पाला निघता निघत नव्हता, वर झाड नव्याने टाकतच होतं. अर्ध्यावर आले तोच व्हिडिओ कॉल आला, पलीकडे डोमाजीभाऊंचा चेहरा. साहेबाने सोडलं होतं. प्रश्न एकच विचारला, आणि तोही क्रमाने. मी झाड दाखवायला फोन फिरवला, तेवढ्यात त्यांच्या मागून सविता आली. ड्युटीवरून आत्ताच आलेली, डोळे सुजलेले.

"बाई, कोनतं झाड हाय हे?"

"ते बाईचं झाड हाय!" डोमाजीभाऊ घाईने म्हणाले. "बाईनं नवीन धरलं."

"हो," मी म्हटलं. "माझंच आहे."

सविता फोन तोंडाजवळ घेऊन एकेक बघत राहिली. नाला, वाकलेली फांदी, माझा खराटा. बाप मागे चुळबुळत होता.

मग ती हळूच म्हणाली, "बाई, नाल्याच्या अंगानं मुळ्यायच्या खाचीत पाला राहते. आई तिथी हातानं काढे." आणि आवाज सावरून म्हणाली, "तेवढा काढजा. नाई तं जाते."

फोन बंद झाल्यावर मी खराटा ठेवला, खाली बसले आणि हाताने पाला काढायला लागले.