चुडामण भगताची चाळण

साठीनंतर माणसानं नव्या वस्तूवर पाय ठेवू नये. जुन्या वस्तूच पाडायला पुरेशा असतात. पण चुडामण भगतानं एका दुपारी, घरात कोणी नाही असं बघून, एका नव्या वस्तूवर पाय ठेवला आणि गावाची देवी, शेजारीण आणि बारा गाड्या, सगळ्यांना कामाला लावलं.

गाव अमळनेरकडचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथे मरीमायची यात्रा भरते आणि बारागाड्या ओढतात. म्हणजे बैल न जुंपता बारा गाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यात माणसं कोंबायची, आणि भगतानं कमरेला दोरीचा फास अडकवून त्या देवळापर्यंत न्यायच्या. मागून चार पोरं हात लावतात. पुण्य म्हणून. रस्ताही जरा उताराचा आहे. पण ते कोणी बोलत नाही. देवी ओढते, भगत निमित्त, असंच म्हणायचं. (नारळ मात्र निमित्ताच्या घरी जातात.)

हा मान चुडामणला बापाकडून आला होता. शेत भावांत वाटलं गेलं, घर वाटलं गेलं, विहिरीचं पाणीसुद्धा वाटलं गेलं. एवढी एकच गोष्ट त्याची एकट्याची होती.

आणि तीच जायची वेळ आली. मागच्या आखाजीला फास पोटावरून कमरेत उतरेना. पुतण्या हिलाल बगल्या होता, म्हणजे भगताच्या बाजूनं गाडीचं जू धरून चालणारा. त्यानं फासाला तेल लावलं, काकाच्या पाठीला गुडघा लावला आणि जोर केला.

"काका, श्वास सोडा ना!"

"सोडा ते मी मरी जासू!"

काका मेला नाही, फास तुटला. पंचांनी तिथल्या तिथे पोटाचं माप घेतलं, पुढच्या वर्षी आणखी वाढेल म्हणून वर एक वीत धरली, आणि देवीपुढे नव्या दोरीची गाठ मारली. देवीपुढची गाठ पुन्हा सोडायची नाही, असा रिवाज. मग गाड्या निघाल्या. अर्ध्या वाटेवर पिंपळापाशी चुडामणचे गुडघे बसले, पाठोपाठ तोही बसला आणि त्यानं चहा मागितला. अंगात देवी असताना चहा मागणारा हा पहिलाच भगत.

त्या संध्याकाळी पंच म्हणाले, "आबा, अजून एक वरीस बघू. नहीतर मंग हिलाल शेच."

हिलाल मान खाली घालून उभा होता. पण मान खाली घातली म्हणून हसू लपत नाही.

चुडामणचा मुलगा निंबा वरणगावच्या फॅक्टरीत होता. दिवाळीला तो एस.टी.च्या टपावर टाकून एक वस्तू घेऊन आला. लोखंडाचं गोल कडं, त्याला खाली बुटके पाय, मध्ये काळं ताणलेलं जाड कापड, कडेनं स्प्रिंगा.

चुडामणच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, ती उलटीपालटी करून पाहिली. "हाई काय शे रे? एवढी मोठी चाळण? कोना गहू चाळाना शेत?"

"आई, कसरतीची आहे. मिनी ट्रॅम्पोलिन म्हणतात."

"म्हनू दे. काम काय करस ते सांग."

निंबानं बापाकडे बघून सांगितलं, "आबा, यावर रोज थोडा वेळ उड्या मारायच्या. जमिनीवर पळालं तर गुडघ्याला हिसका बसतो. इथे कापड झेलतं, हिसका कमी लागतो. दम वाढतो, तोल सुधारतो, झोप चांगली लागते, पोटही उतरतं. फक्त सुरुवातीला बेतानं, काहीतरी धरून. आमच्या साहेबांचं पोट यानंच उतरलं."

"मंग साहेबनी दी का टाकी?" चुडामणनं विचारलं.

"बदली झाली. सामानाच्या ट्रकात जागा नव्हती."

"पोट उतरनं ते जागा व्हवाले पाहिजे व्हती."

निंबा पिशवी उचलून आत गेला. बापाशी बोलून कोणाचं भलं झालंय?

पण निंबा परत गेल्यावर चुडामणनं चाळणीभोवती दोन-तीन फेऱ्या मारल्या. एकदा काठीनं टोचून पाहिली. मग ठरवलं, नुसतं उभं राहून बघू. नुसतं उभं राहायला काय जातं?

उभा राहिला. चाळण खाली गेली. घाबरून त्यानं पाय उचलला, तशी चाळणीनं त्याला वर फेकला. छताच्या कडीपाटावर डोकं आपटलं, वर ठेवलेली सुपं खाली आली. मंजुळाबाई पाणी घेऊन आली तेव्हा भगत सुपाखाली होता.

"काहो निंबाना बाप, सूपमा काय करी ऱ्हायनात?"

"पाखडी ऱ्हायनू," तो म्हणाला.

पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. एवढा उडाला, आपटला, तरी गुडघा ओरडला नव्हता. डोकं ओरडत होतं. पण बारागाड्यांना डोकं लागत नाही.

मग चाळण मागच्या अंगणात गेली. वर आभाळ, आपटायला काही नाही. गावाला मात्र कळता कामा नये. भगत कसरत करतो म्हटलं की पंच विचारणार, का हो, देवीवर भरोसा नाही राहिला का? म्हणून चुडामणनं दार लावलं, कपडे वाळत घालायचा बांबू धरला आणि उडायला लागला.

बाजूच्या भिंतीचा विचार त्यानं केला नाही. पलीकडे सुगंधाबाई मिरच्या निवडत बसली होती. भिंतीवर तिला एक डोकं दिसलं. गेलं. पुन्हा दिसलं. पुन्हा गेलं.

सुगंधाबाई विधवा बाई, जीभ तिखट आणि हातात मिरच्या. तिनं ओरडून अर्धी गल्ली गोळा केली. "ओ मंजुळाबाई! तुना म्हतारा मना आंगनमा डोकाई ऱ्हायना! एक डाव नही, घडी घडी! त्याले म्हना, बघनं शे ते दारवरथून ये, मानूसनामायक!"

मंजुळाबाई धावत मागे गेली. नवरा घामानं थबथबलेला, धोतर गुडघ्यावर, डोळे वर. खरं सांगावं तर मान जाणार, खोटं सांगावं तर काय सांगावं? तिनं भिंतीवरून हात जोडले.

"अक्का, बोलू नको वो! त्यान्हा आंगमा येस."

पलीकडे सुगंधाबाईनं हातातल्या मिरच्या खाली टाकल्या.

"आत्ते? आखाजी नसतांना?"

"यंदा लवकर यी ऱ्हायनं."

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई नारळ, उदबत्ती आणि चार बाया घेऊन भिंतीपलीकडे उभी. डोकं वर आलं की बाया हात जोडायच्या, खाली गेलं की कुजबुजायच्या. शेवटी सुगंधाबाईनं विचारलं, "माय, मनी म्हैस दोन दिनपाईन दिसत नही. कोठे शे?"

चुडामण उडत होता. दम धरून बोलणार किती? वर आल्यावर "नाला!" म्हणाला आणि खाली गेला. त्याला म्हणायचं होतं, नाल्याकडे जाऊन शोधा ना, माझं डोकं का खाता. पण बाकीचं वाक्य खालीच राहिलं.

म्हैस नाल्यात निघाली. (म्हैस दुसरीकडे कुठे जाणार? सिनेमाला?)

झालं. रोज सकाळी भिंतीपलीकडे माणसं. कोणाची सून नांदत नाही, कोणाचा कापूस काळा पडला. माणसं उभी आहेत म्हटल्यावर चुडामणला उडावंच लागे. आज पाय दुखतात म्हणायची सोय नाही, थंडी आहे म्हणायची सोय नाही. देवी काय थंडीला भिते? कोणी खुशालीनं रवा-साखर आणून दिली, तर मंजुळाबाई ती परस्पर सुगंधाबाईच्या नातवंडांना वाटायची. देवी अंगात येणाऱ्यानं एकवेळ जेवायचं, हेही तिनंच सांगून ठेवलं होतं.

होळी झाली तोवर चुडामण जिना न थांबता चढू लागला. रात्री डोकं टेकलं की घोरणं सुरू. गुडघ्यांची कुरकुर गेली. आरशात त्याला मान दिसली, कितीतरी वर्षांनी. पोट तर असं गेलं की सदरा उसना आणल्यासारखा लोंबायला लागला.

"पोरगं खरं सांगे," तो एकदा बायकोला म्हणाला. निंबाला मात्र हे त्यानं कधी सांगितलं नाही. पोरं डोक्यावर बसतात.

आखाजी आली. चुडामण हळद लावून, फेटा बांधून, माळ घालून मैदानात आला तेव्हा लोक बघतच राहिले. हिलालचं तोंड उतरलं. बारा गाड्या माणसांनी लगडल्या होत्या. पंचांनी देवळातून फास आणला आणि मानानं चुडामणच्या डोक्यावरून घातला.

फास खांद्यावरून, छातीवरून, पोटावरून सरसर उतरला आणि कमरेत थांबेना. चुडामणनं पटकन दोन्ही कोपर आवळले.

ज्या पोटाचं माप घेतलं ते पोटच आता नव्हतं, आणि वर ती जास्तीची वीत! गाठ सोडायची नाही. सांगावं तर पंच म्हणणार, देवीनं फास नाकारला. आणि हिलाल काय, शेजारीच उभा. त्याचं पोट बरोब्बर त्या मापाचं झालं होतं, मेल्याचं.

चुडामणनं एकच उपाय केला. भसकन श्वास आत ओढला, पोट फुगवलं आणि फास तिथे अडवला. चेहरा लाल झाला, डोळे मोठे झाले.

"यंदा लई जोरमा शे माय!" सुगंधाबाई ओरडली.

सगळं निभलं असतं. पण गाड्या हलायच्या आधी भगतानं देवीच्या नावानं आरोळी द्यायची असते, आणि फुगवलेल्या पोटानं आरोळी देता येत नाही.

"मरीमायनाऽऽ" म्हणेपर्यंत फास मांडीवर आला. "जयऽऽ" म्हणेपर्यंत पायाशी पडला.

मागच्या पोरांनी आरोळी ऐकली आणि जोर लावला. गाड्या हलल्या. चुडामण फासातून बाहेर उडी मारून निघाला आणि त्यानं मागे पाहिलं. पहिल्या गाडीचं जू त्याच्या पाठीशी, त्यामागे बारा गाड्या, त्यात अर्धं गाव, आणि पुढे उतार.

चुडामण पळाला. असा पळाला की विसाव्या वर्षीही पळाला नसेल. चाळणीवर शिकलेले गुडघे छातीपर्यंत येत होते. पिंपळ कधी गेला कळलं नाही. "थांबाडा रे! थांबाडा!" तो ओरडत होता. गावाला वाटलं, देवी बोलते. सगळे आणखी जोरानं "जय!" म्हणाले, पोरांनी आणखी जोर केला. देवळापाशी येताच त्यानं ओट्यावर एकच झेप घेतली. समोरच्या चढाला लागून गाड्या थांबल्या.

मग हिलाल आला, हातात रिकामा फास घेऊन.

"काका, दोरी लागेलच नव्हती! गाड्या तुमना मांगे मांगे उन्यात!"

दोरीशिवाय गाड्या मागे आल्या म्हटल्यावर जो जयजयकार झाला तो म्हणे पलीकडच्या गावात ऐकू गेला. हिलालनं काकाचे पाय धरले. पंच म्हणाले, जोवर आबा आहेत तोवर मान आबांचाच. चुडामण ओट्यावर बसून धापा टाकत होता. चहा हवा होता. पण यंदा तो मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी तो ओसरीवर तक्क्याला टेकून बसला होता. आल्यागेल्याला आशीर्वाद देऊन हात दुखला होता. समोर अंगणात मंजुळाबाईनं चाळणीवर जुनं लुगडं अंथरलं होतं आणि ज्वारीच्या ओल्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घालत होती. खालून वारा लागतो, लवकर वाळतात, असं तिचं म्हणणं. एक बिबडी थापता थापता ती थांबली.

"काहो निंबाना बाप, एक इचारू का?"

"इचार." (आवाज कालचाच होता, देवीचा.)

"काल दोरी नव्हती, तरी गाड्या उन्यात."

"उन्यात. बठ्ठा गावनी देखं."

"मंग इतला वरीस तुम्ही काय वढं?"

चुडामणनं कमरेवरून हात फिरवला. बापाचा विचार मनात आला, आजाचा आला. आजापाशी तो थांबला, त्यापुढे गेला नाही.

मंजुळाबाई उत्तरासाठी थांबली नव्हतीच. तिनं दुसरी बिबडी घेतली. "ऱ्हाऊ द्या. चक्कीवर दळनना डबा पडेल शे. तुम्ही फक्त पुढे चाला, तो यी मांगे मांगे."

चुडामण चक्कीवर गेला. येताना त्यानं दोनदा मागे वळून पाहिलंही, कोणी बघत नाहीसं बघून.

डबा डोक्यावर आणावा लागला.