अबेकेच्या जागी विमलबाई

सिनेमातल्या बाईवर प्रबंध लिहिला, तर तोंडी परीक्षेला त्या बाईला हजर ठेवावं लागतं, आणि तेवढा वेळ तिच्या घरचं काम खोळंबू नये म्हणून संशोधकाने आपल्या घरचं एक सज्ञान माणूस बदली म्हणून सिनेमात पाठवायचं असतं. नियम जुना आहे. एखाद्याबद्दल त्याच्या माघारी बोलू नये, एवढाच त्यामागचा विचार, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

अमरावतीच्या प्रणिता निंभोरकरला हा नियम नोंदणीच्या दिवसापासून ठाऊक होता. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि घर सांभाळून नायजेरियातल्या एका सिनेमावर पीएचडी करत होती. सिनेमाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘माझ्या नवऱ्याचं जेवण’. त्यातली अबेके इबादान शहरात बँकेत नोकरी करते, संध्याकाळी घरी येऊन उखळात कंद कुटते आणि नवऱ्यासमोर, कुनलेसमोर, गुडघे टेकून ताट ठेवते. सोफ्यावर बसलेली सासू ते बघत असते. नोकरी सोड, असं सासू शेवटी सांगते आणि अबेके सोडते. या सगळ्यात कॅमेरा कुठे उभा असतो, कोणाच्या डोळ्यांनी बघतो, हा प्रणिताचा विषय होता.

बदली म्हणून तिचा नवरा मोरेश्वर जायचा, असं ठरलं होतं. तो जिल्हा परिषदेत होता. त्याने कुरकुर न करता रजा टाकली होती. पण परीक्षेच्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला, तेव्हा त्याची आई विमलबाई पातळाच्या निऱ्या नीट करत दारात उभ्या होत्या.

“तू राह्य घरी,” त्या म्हणाल्या. “मी जातो.”

“आई, तिथं स्वयंपाक करायचा आहे,” मोरेश्वर म्हणाला.

“म्हणूनच म्हणतो. तुले गॅस कोणत्या बाजूनं पेटते ते ठाऊक नाही. तिच्या परीक्षेत तू काय दिवे लावशील?”

इतकी वर्षं प्रणिताने रात्र-रात्र त्या सिनेमासमोर काढली होती आणि विमलबाईंनी एकदाही, हे काय चाललंय, असं विचारलं नव्हतं. शेजारणीने विचारलं की त्या म्हणायच्या, “टीव्ही पाह्यते.” चिडून म्हणायच्या असंही नाही, नुसतंच म्हणायच्या. त्यामुळे आज त्या मदतीला निघाल्या आहेत की टीव्ही कसा असतो ते आतून बघायला, हे प्रणिताला कळेना. पण रिक्षा दारात आली होती.

विभागाच्या सभागृहात मार्गदर्शक हिंगणीकर सर आणि बाहेरून आलेल्या परीक्षक डॉ. रेगे बसले होते. रेगे मॅडमचा दरारा मोठा. गेल्या वर्षी त्यांनी एका मुलाला दोन प्रश्न विचारून परत पाठवलं होतं, आणि हिंगणीकर सर या महिनाअखेर निवृत्त होणार होते. आज फिसकटलं तर प्रणिताला नवा मार्गदर्शक शोधून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. तेवढी उमेद तिच्यात उरली नव्हती.

सिनेमा सुरू झाला. अबेके बँकेतून घरी येते आणि दार उघडते, तिथे अदलाबदल करायची पद्धत आहे. तिने दार उघडलं आणि ती सभागृहात आली. विमलबाई चपला नीट सरळ करून आत गेल्या. दार लागलं.

अबेके निळ्या झग्यात होती, खांद्याला पर्स होती. तिने सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि मधल्या खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर ठेवली. रेगे मॅडमनी पहिला प्रश्न विचारायच्या आत ती झोपली.

हिंगणीकर सरांनी घसा खाकरला. “उठवायचं का?”

“हजर राहायचं असतं,” रेगे मॅडम म्हणाल्या. “जागं राहायचं असतं असं कुठे म्हटलेलं नाही.” आणि त्यांनी आवाज खाली आणला. मग सगळ्यांनीच आणला. पुढची सगळी परीक्षा कुजबुजत झाली.

“तुमचं म्हणणं,” रेगे मॅडम कुजबुजल्या, “की नवरा खोलीत असेल तेव्हा कॅमेरा कायम त्याच्या उंचीवर आहे.”

“हो. कुनले खुर्चीत बसलेला असतो. त्याच्या डोळ्यांपासून गुडघे टेकलेली अबेके जेवढी खाली दिसेल, तेवढीच ती आपल्याला दिसते. आपण तिकीट काढून त्याच्या खुर्चीत बसतो.”

“दाखवा.”

पडद्यावर स्वयंपाक झाला होता. विमलबाईंनी उखळ-मुसळ बघून पदर खोचला होता आणि कंद असा कुटला होता की स्वयंपाकघरातल्या बरण्या हलल्या. टरबुजाच्या बियांसारख्या बियांचा रस्सा त्यांनी चाखला, तोंड वाकडं केलं आणि त्यात आणखी मिरची टाकली. त्यांचं वऱ्हाडी बोलणं पडद्याच्या तळाशी इंग्रजीत उमटत होतं. “ह्या घरात लसूण नाही का वो?” याचं भाषांतर फार सभ्य झालं होतं.

मग त्या ताट घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या, आणि प्रणिताला त्यांचे गुडघे आठवले.

मागच्या हिवाळ्यात नागपूरला विमलबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना खाली बसता येत नव्हतं. देवपूजासुद्धा त्या खुर्चीवर बसून करायच्या. मोरेश्वर जाणार असं ठरल्यामुळे याचा विचार कोणी केलाच नव्हता आणि सकाळच्या गडबडीत तो कोणाला सुचलाही नाही.

या सिनेमात उभ्याने ताट दिलं तर काय होतं, ते प्रणिताइतकं कोणाला माहीत नव्हतं. उत्तरार्धात एकदा दमलेली अबेके गुडघे न टेकता ताट ठेवते आणि कुनले ते गरम रश्श्यासकट तिच्या अंगावर भिरकावतो. त्या दृश्यावर प्रणिताने अख्खं प्रकरण लिहिलं होतं. ताट कोणत्या कोनातून उडतं, रस्सा भिंतीवर कसा ओघळतो, हे तिने इतक्या शांतपणे लिहिलं होतं की हिंगणीकर सरांनी समासात ‘उत्तम’ असा शेरा दिला होता. आता तीच खुर्ची होती, तोच कुनले होता, आणि समोर तिची सासू उभी होती.

“सर, थांबवा,” ती उठून म्हणाली. कुजबुजायचं ती विसरली.

“थांबवता येत नाही,” सर म्हणाले. “मध्ये थांबवलं तर बदली आत अडकते. तुम्हाला माहीत आहे.”

तिला माहीत होतं. ती उभीच राहिली.

कॅमेरा नेहमीच्या जागी होता. तिथून फक्त हिरव्या काठाचं पातळ, ताट आणि ताट धरलेले दोन हात दिसत होते. विमलबाईंचं डोकं चौकटीच्या बाहेर राहिलं होतं. कुनले वाट बघत होता. मग त्याचा हात ताटाच्या कडेखाली गेला. प्रणिताला तो हात पाठ होता.

“गरम हाय,” विमलबाई म्हणाल्या. “फडक्यानं धर. मले खाली बसता येत नाही, बापू.”

कुनलेने वर पाहिलं आणि कॅमेराही वर झाला. पातळाचा काठ, पदर, गळ्यातलं काळं मंगळसूत्र, आणि शेवटी विमलबाईंचा चेहरा आणि पांढरे केस. कुनले तसाच बघत राहिला. त्या सिनेमात त्याच्यासमोर ताट घेऊन एवढं वयस्कर माणूस कधी आलं नव्हतं. त्याच्या आईपेक्षा त्या मोठ्या होत्या. आणि त्या मुलखात मोठ्या माणसासमोर तरुण पुरुषाने काय करायचं, ते लहानपणापासून अंगात मुरवलेलं असतं.

त्याने फडक्याने ताट घेतलं. ते टेबलावर ठेवलं. मग तो जमिनीवर पालथा पडला आणि त्याने कपाळ टेकवलं. कॅमेरा त्याच्याबरोबर खाली गेला. पडद्यावर आता फरशी होती आणि फरशीवर विमलबाईंची बोटं होती, जोडवी घातलेली.

“औक्षवंत हो,” वरून आवाज आला. “ऊठ आता, जेवण थंडावते.”

प्रणिता खुर्चीत बसली. अबेके कूस बदलून पुन्हा झोपली.

रेगे मॅडमनी प्रबंधाची पानं उलटली. “निंभोरकर, तुमच्या प्रबंधात कॅमेरा एकदाही जमिनीवर गेलेला नाही.”

“नाही, मॅडम.”

“मग तुमचा प्रबंध या सिनेमावर आहे, असं मी कसं म्हणू?”

हिंगणीकर सर खिडकीबाहेर बघू लागले. प्रणिताला वाटलं, संपलं. पण मघाच्या भीतीपुढे ही भीती तिला अगदीच किरकोळ वाटली, आणि म्हणून असेल, उत्तर तिच्या तोंडून सहज निघालं.

“नवरा एकदाही जमिनीवर गेला नव्हता, मॅडम. मी लिहिलंय की कॅमेरा नवऱ्याच्या डोळ्यांना बांधलेला आहे. तो बसला की कॅमेरा बसतो. आज तो पालथा पडला, तर कॅमेरा पालथा पडला. त्याने नमस्कार केला म्हणून कॅमेरा काही बाईच्या बाजूला गेला नाही. तिचा चेहरासुद्धा आपल्याला त्याने वर बघितलं तेव्हाच दिसला.”

रेगे मॅडमनी पेन खाली ठेवलं. “आणि हे?” त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

कुनले उठून आतून खुर्ची आणायला गेला होता. कॅमेरा त्याच्यामागे गेला नव्हता. तो बाहेरच्या खोलीतच होता, दोन बायकांजवळ. सोफ्यावरच्या सासूने, जी अख्ख्या सिनेमात हुकमाशिवाय काही बोलत नाही, पुढे वाकून विमलबाईंच्या गुडघ्यांकडे बघितलं होतं आणि ती विचारत होती, “कोणी केलं ऑपरेशन? किती दिवस दुखलं?”

“हे माझ्या प्रबंधात नाही,” प्रणिता म्हणाली. “याचं मला आत्ता काही सांगता येणार नाही.”

“असं कबूल करणारा विद्यार्थी मला फार दिवसांनी भेटला,” रेगे मॅडम म्हणाल्या. “एक टीप जोडा. बाकी माझं काही म्हणणं नाही. अभिनंदन, डॉक्टर.”

हेही त्या कुजबुजल्याच, त्यामुळे हिंगणीकर सरांना ते पुन्हा विचारावं लागलं.

नियमाप्रमाणे सिनेमा संपेपर्यंत सगळ्यांना बसून राहावं लागलं. पुढे त्यात फार काही घडलं नाही. खुर्ची आली, विमलबाई बसल्या. कुनले ताट आत नेऊन जेवला असावा, तिकडचं काही दिसलं नाही. सासूने आपले गुडघे दाखवले. जिना चढताना दुखतं की उतरताना, यावर दोघींचं बराच वेळ बोलणं चाललं. नोकरी सोड, असं सांगायची वेळ आली आणि निघून गेली. नावं सरकू लागली तेव्हाही त्या बोलतच होत्या.

प्रणिताने अबेकेच्या खांद्याला हात लावला. तिने डोळे उघडले, क्षणभर आपण कुठे आहोत ते आठवलं आणि काहीतरी विचारलं. तिचं बोलणं टेबलाच्या कडेवर पांढऱ्या अक्षरांत उमटलं: ‘नोकरीचं सासूबाईंनी काय ठरवलं?’

“सोडायची नाही,” प्रणिता म्हणाली. “विषयच निघाला नाही.”

अबेकेने अक्षरं पुसली जाईपर्यंत तिच्याकडे बघितलं. मग पर्स खांद्याला लावली, केस नीट केले आणि पडद्यावरच्या दाराकडे गेली. दारात विमलबाई तिच्या बाजूने बाहेर आल्या. “रस्सा झाकून ठेवला हाय,” त्यांनी जाता जाता सांगितलं.

बाहेर ऊन होतं. रिक्षा मिळेपर्यंत दोघी लिंबाखाली उभ्या राहिल्या. विमलबाईंच्या पदराला धुराचा आणि कसल्यातरी तांबड्या तेलाचा वास येत होता. प्रणिताला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण तशी त्यांच्यात पद्धत नव्हती. तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

“भाजलं नाही ना कुठे?”

“मले काय भाजते.” विमलबाईंनी घाम पुसला. “म्हातारी बरी हाय. नुसतीच गुरगुरते. सून ब्यांकेत हाय म्हणे, लय सांगत होती. मंग मी बी सांगितलं, माही डॉक्टर झाली.”

“तेव्हा झाले नव्हते, आई.”

“तिथं झालीच होती,” विमलबाई म्हणाल्या.

प्रणिताने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“तिले दिवाळीनंतर बोलावलं हाय,” विमलबाई पुढे म्हणाल्या. “नागपूरच्या डॉक्टरकडं. आपल्याकडंच राह्यते महिनाभर. चालते ना तुले?”

“चालतं. पण तिच्या जागी तिकडे कोण जाणार?”

“मोरेश्वर. सोफ्यावर बसून हुकूम तर सोडायचे. तेवढं त्याले जमते.”

प्रणिताने तिथूनच फोन लावला. पास झाल्याचं ऐकून मोरेश्वरला फार आनंद झाला. मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. तिकडे थंडी किती असते, एवढंच त्याने विचारलं.