बंद रस्त्यातली गाडी

रस्ता बंद होणार असल्याची नोटीस चष्मेवाल्यांच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर लागली, आणि हा आपला वैयक्तिक अपमान आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. नोटीस तशी साधीच होती. जमिनीखालची सांडपाण्याची जुनी वाहिनी बदलायची असल्याने गल्लीतला रस्ता पुढील सूचनेपर्यंत वाहनांसाठी बंद राहील, एवढंच.

"पुढील सूचनेपर्यंत म्हणजे काय?" दुकानात जमलेल्या मंडळींना चष्मेवाल्यांनी विचारलं. "म्हणजे कधी संपणार ते यांनाच माहीत नाही!"

"माझी मैद्याची पोती काय डोक्यावरून आणू?" बेकरीवाला म्हणाला.

"आणि मी? मी काय टॅक्सी खिशात घालून फिरू?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

नाच शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं असं, की आयांना गाडी दारापर्यंत आणता आली नाही तर मुली क्लासला येणारच नाहीत, कारण नाच आवडतो तो आयांना. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी तेवढ्या रस्ता बंद करण्याच्या बाजूने होत्या. त्यांच्या न्हाणीघरात सगळ्या इमारतीचं पाणी उलटं यायचं. मंडळींनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

चष्मेवाल्यांना विरोध समितीचं अध्यक्ष करण्यात आलं. त्यांचा आवाज मोठा होता, आणि त्यांच्या दुकानात बसायला खुर्च्या होत्या. पालिकेच्या इंजिनियरबाई समजूत घालायला आल्या. तरुण होत्या, डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढून हातात धरून उभ्या राहिल्या.

"काका, पाईप रस्त्याखाली आहे. रस्ता चालू ठेवून तो बदलायचा कसा, तुम्हीच सांगा."

"ते सांगायचा पगार मला मिळत नाही," चष्मेवाले म्हणाले. या उत्तरावर मंडळी बेहद्द खूश झाली. रस्ता अर्थातच बंद झाला.

ठरलेल्या सकाळी गल्लीच्या दोन्ही तोंडांना अडथळे लागले. वरच्या तोंडाशी सिमेंटचे अवाढव्य पाईप उतरवले गेले, आणि मजुरांनी खालच्या अंगाला चर खणायला सुरुवात केली. सगळ्यांनी आपापली वाहनं आदल्या दिवशीच बाहेर नेली होती. कामाच्या बरोबर मध्ये एकच गाडी उभी राहिली होती. जुनी, करड्या कापडाखाली झाकलेली, चारही चाकांतली हवा गेलेली. आणि ती नेमकी अध्यक्षांच्या दारात होती.

गाडी चष्मेवाल्यांची होती असंही म्हणता येत नव्हतं आणि नव्हती असंही. ती त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर घर दोघा भावांत वाटलं गेलं. वरचा मजला थोरल्याकडे, म्हणजे चष्मेवाल्यांकडे आला, आणि खालचा धाकट्याकडे. हा धाकटा शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून गल्ली त्याला मास्तर म्हणायची. गाडीची वाटणी काही करता येईना. चष्मेवाले म्हणाले विकू, मास्तर म्हणाले ठेवू. पुढे दोघांनीही आपापलं मत बदललं. पण एकाच वेळी बदलल्यामुळे भांडण होतं तसंच राहिलं. किल्ली वर राहिली, गाडीचं कापड खाली राहिलं, आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

बोलणं बंद म्हणजे अगदी बंद. जिन्यात समोरासमोर आले तर एक जण भिंतीचा रंग बघायचा आणि दुसरा स्वतःच्या चपला. घरातला बाकी व्यवहार दोघी जावांमार्फत चालायचा. "त्या शहाण्याला सांग, टाकी भरून वाहतेय," असं वरून निघालेलं वाक्य थोरल्या जाऊबाईंकडून धाकटीकडे येईपर्यंत "अगं, जमलं तर नळ बघतेस का?" असं होऊन जायचं. दोघी जावांचं एकमेकींशी छान जमायचं. ते तसं का जमतं, याचा दोघा भावांनी कधी विचार केला नव्हता.

इंजिनियरबाई दारात आल्या. "काका, गाडी हलवावी लागेल."

"ओढून न्या," चष्मेवाले म्हणाले.

"ओढायची गाडी आत येणार कशी? रस्ता बंद आहे."

"मी तेच सांगत होतो तुम्हाला, रस्ता बंद करू नका म्हणून!"

एवढ्यात गल्ली जमा झाली. "वा, अध्यक्ष!" टॅक्सीवाल्याने चष्मेवाल्यांची पाठ थोपटली. "मोर्चा नाही, घोषणा नाही. सरळ गाडीच आडवी घातली. आंदोलन असावं तर असं!" टाळ्या पडल्या. चष्मेवाल्यांनी काही आंदोलन केलं नव्हतं. गाडी हलवायची तर मास्तरशी बोलावं लागणार, म्हणून ते गप्प बसले होते, एवढंच. पण टाळ्या आपल्यासाठीच आहेत म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना.

हा मान दुपारपर्यंत टिकला. दुपारी बेकरीवाला पोतं खांद्यावर घेऊन, घामाने निथळत आला. "अध्यक्ष, तुमची गाडी हलल्याशिवाय काम पुढे जात नाही, आणि काम संपल्याशिवाय रस्ता उघडत नाही. किती दिवस मी असा हमाली करणार?"

"अरे, पण आपला विरोध..."

"विरोध रस्ता बंद व्हायच्या आधी होता. आता झालाय ना बंद? मग लवकर खणू द्या की!"

सकाळी टाळ्या वाजवणारी मंडळी संध्याकाळपर्यंत इंजिनियरबाईंच्या बाजूला जाऊन उभी राहिली. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हाताने ढकलत न्यायची असं ठरलं. चराच्या कडेने एक अरुंद पट्टी शिल्लक होती, तेवढ्यावरून ती खालच्या तोंडाने बाहेर निघाली असती. टॅक्सीवाल्याने चाकांत हवा भरली. किल्ली चष्मेवाल्यांकडे असल्यामुळे स्टिअरिंगवर तेच बसले. चराच्या बाजूने चालत चाकावर लक्ष ठेवायला जो कोणी हवा होता, तो आपणहून पुढे आला. ते मास्तर होते. किल्ली दादाकडे असली म्हणून काय झालं, गाडी बाबांची होती.

मागून ढकलायला बेकरीवाला, टॅक्सीवाला आणि मजूर लागले. एका खिडकीशी थोरल्या जाऊबाई चालत होत्या, मास्तरांच्या मागे धाकटी.

"अगं, सांग, जरा उजवीकडे घ्यायला," मास्तर बायकोला म्हणाले.

"ताई, भाऊजींना म्हणावं जरा उजवीकडे," धाकटी गाडीच्या टपावरून ओरडली.

"अहो, उजवीकडे घ्या म्हणतायत," थोरल्या जाऊबाईंनी खिडकीतून आत सांगितलं.

"तिला विचार, किती उजवीकडे?" चष्मेवाले म्हणाले.

"किती गं?"

"किती हो?"

"वीतभर!"

वीतभर हा शब्द टपावरून जाऊन खिडकीत पोचेपर्यंत गाडी दोन हात पुढे गेली होती. तरी सुरुवातीला जमलं. मग उतार लागला. गाडीने वेग घेतला, आणि मागचे लोक ढकलायचे सोडून तिला धरू लागले. निरोप मात्र पूर्वीच्याच चालीने चालले होते. पुढचं चाक कडेला लागलं, खालची माती ढासळू लागली, आणि मास्तरांना एकदम दिसलं की आता बायको, तिची जाऊ, खिडकी, एवढ्याला वेळ नाही.

"दादा, ब्रेक!" ते ओरडले.

चष्मेवाल्यांचा पाय ब्रेकवरच होता. पण इतक्या वर्षांनी कानावर 'दादा' पडल्यावर पाय काय करत होता याचं त्यांना भान राहिलं नाही. त्यांनी वळून भावाकडे बघितलं. ते बघत असतानाच गाडी मोठ्या सभ्यपणे चरात उतरली आणि नाक खुपसून उभी राहिली.

चर गुडघाभरच होता. चष्मेवाल्यांना काही लागलं नाही, फक्त चष्मा नाकावरून कपाळावर गेला. मजूर डोक्याला हात लावून खाली बसले. इंजिनियरबाईंनी हेल्मेट काढलं आणि परत घातलं. "क्रेनशिवाय निघणार नाही," त्या म्हणाल्या. "क्रेन यायला रस्ता उघडायला हवा. रस्ता उघडायला काम संपायला हवं. काम संपायला..."

मग गल्लीने फळ्या आणल्या, दोर आणले. नाच शिकवणाऱ्या बाईंनी ताल धरून आकडे म्हटले, आणि त्या तालावर सगळ्यांनी मिळून गाडी उचलली. आजी खिडकीतून "हं, अजून थोडं," म्हणत होत्या. गाडी एकदाची बाहेर निघाली, आणि तशीच ढकलत मोठ्या रस्त्याच्या कडेला नेऊन लावली.

तिथे पोलीस आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. चिखलाने माखलेलं नाक, तुटलेला दिवा. "ही बेवारस दिसतेय. इथे ठेवलीत तर उचलून नेऊ."

"बेवारस?" दोघे भाऊ एकदमच म्हणाले.

"मग आत कोणीतरी बसून राहा."

चष्मेवाले बसले, कारण किल्ली त्यांच्याकडे होती. मास्तर शेजारी बसले, कारण दादाच्या भरवशावर गाडी सोडायला त्यांचं मन तयार नव्हतं. लोक हात झटकत घरी गेले. आत धूळ होती, तापलेल्या जुन्या सीटांचा वास होता. दोघेही काचेतून समोर बघत राहिले.

बऱ्याच वेळाने चष्मेवाले म्हणाले, "तू मला दादा म्हणालास."

"घाईत म्हणालो."

समोरून बस गेली, सायकली गेल्या. मास्तरांनी समोर बघतच विचारलं, "त्या दिवशी बाबांना टॅक्सीने का नेलंस?"

म्हणजे गाडी विकायची की ठेवायची हे भांडण नुसतं वरवरचं होतं. खालचं हे होतं. वडिलांना छातीत दुखू लागलं त्या सकाळी मास्तर गावाला गेले होते. चष्मेवाल्यांनी टॅक्सी बोलावली, आणि हॉस्पिटल यायच्या आत त्या परक्या टॅक्सीत वडील गेले. गाडी सुरूच होईना, असं चष्मेवाल्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. मास्तर परत आले, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"सुरू होत नव्हती," चष्मेवाले म्हणाले. "हात दुखेपर्यंत किल्ली फिरवली मी. तू कधी विश्वास ठेवला नाहीस."

"चोक ओढला होतास?"

"कसला चोक?"

मास्तरांनी पहिल्यांदाच मान वळवून भावाकडे बघितलं. मग स्टिअरिंगखालचं एक काळं, गोल बटण बोटाने दाखवलं. "हा. सकाळी इंजिन थंड असतं. हे बाहेर ओढल्याशिवाय ही गाडी कधीच सुरू झालेली नाही."

चष्मेवाले त्या बटणाकडे बघत राहिले. "ते सिगारेट पेटवायचं आहे ना? मी ओढत नाही, म्हणून मी कधी हातच लावला नाही."

"बाबांनी तुला सांगितलं नव्हतं?"

"बाबा मला गाडी दुपारीच द्यायचे. सकाळी तूच सुरू करायचास, नाही तर ते." चष्मेवाल्यांनी ते बटण बोटाने चाचपलं. "मला वाटलं, माझ्या हातालाच ती नको म्हणतेय."

मास्तरांना आठवत होतं, परत आल्यावर गाडी सुरू करून त्यांनी जिन्याकडे बघत मोठ्याने म्हटलं होतं, "बघा, एका किल्लीत!" दादा तेव्हा जिन्यात उभा होता. त्यांच्या हाताने चोक ओढला होता, पण सवयीने. स्वतःच्याही लक्षात न येता.

"दादा," ते म्हणाले. या वेळी घाई नव्हती.

"असू दे," चष्मेवाले म्हणाले, आणि काच पुसू लागले. काच आतून स्वच्छ होती.

संध्याकाळी दोघी जावा चहा घेऊन आल्या. गाडीत चाललेलं बोलणं ऐकून त्या लांबच थांबल्या. "भांडतायत का गं?" थोरल्या जाऊबाईंनी विचारलं. धाकटीने कान दिला. "नाही ताई. बाबांना वांगी आवडायची की नाही, यावर चाललंय." दोघींनी तो चहा तिथेच कट्ट्यावर बसून स्वतःच पिऊन टाकला.

पुढे काम चालू होतं तोवर दोघे भाऊ रोज गाडीत येऊन बसू लागले. घरी असे समोरासमोर बसले असते तर काय बोलायचं असा प्रश्न पडला असता. गाडीत दोघांची तोंडं रस्त्याकडे, त्यामुळे वाटेल ते बोलता यायचं. पोलिसाने एकदा, आता कोणी बसायची गरज नाही, म्हणून सांगितलं. त्याच्याकडे दोघांनी लक्ष दिलं नाही. दुकानाला चष्मेवाल्यांनी दुपारची सुट्टी जाहीर केली. गिऱ्हाईक आलंच तर ते मोठ्या रस्त्यावर येऊन गाडीच्या खिडकीतून नंबर सांगायचं.

एके दिवशी इंजिनियरबाई गाडीपाशी आल्या. चेहरा उन्हाने रापला होता, पण हसरा होता. "काका, काम संपलं. आजींचं न्हाणीघरही कोरडं आहे. उद्यापासून रस्ता चालू. गाडी आत आणायला हरकत नाही."

चष्मेवाल्यांनी भावाकडे बघितलं. मास्तर समोर बघत होते.

"पाईप नीट बसले का सगळे?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"सगळे."

"दुसऱ्या बाजूचे?"

"दुसऱ्या बाजूला पाईपच नाहीत, काका."

"तुम्हाला कसं माहीत? एवढा खणलाच आहे रस्ता, तर त्या बाजूलाही एकदा खणून बघा की."

इंजिनियरबाईंनी मदतीच्या आशेने मास्तरांकडे नजर वळवली.

"दादा म्हणतो ते बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "असल्या कामात घाई करू नये."